‘थांबा’ म्हणणाऱ्यांची जमात

माझा मुलगा सोळा महिन्यांचा असताना मी आमच्या शहरातल्या एका नावाजलेल्या बालरोगतज्ज्ञांना तीन गोष्टी सांगितल्या. हाक मारली तर वळत नाही. बोट दाखवत नाही; पाणी हवं असेल तर माझं मनगट धरतो आणि माठाकडे ओढत नेतो, जणू माझा हात म्हणजे घरातलं ओगराळं. आणि डब्यांची झाकणं फिरवत बसतो. झाकण आडवं पडलं की पुन्हा उभं करून फिरवतो. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, वजन केलं आणि कागदावरची नजर न उचलता म्हणाले, “आई, मुलगे उशिराच बोलतात. तीन वर्षांपर्यंत थांबा.”

मी बोलण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

चार मिनिटांत आम्ही बाहेर. त्या चार मिनिटांची भरपाई आम्ही चौदा महिने केली. आज मुलगा दहा वर्षांचा आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही. कारण तेच वाक्य, त्याच सुरात, मी त्यानंतर किती आयांच्या तोंडून ऐकलं याची गणती नाही. ‘थांबा’ म्हणणारा कुणी एक डॉक्टर नसतो, ती जमात असते. तिच्यात एमडी आहेत, आत्या आहेत, बालवाडीच्या बाई आहेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. एरवी या मंडळींचं पाण्याच्या टाकीवरून सुद्धा एकमत होत नाही. मूल हाकेला वळत नाही म्हटलं की सगळे एका सुरात: थांबा.

‘मुलगे उशिरा बोलतात’ हे यांचं आद्य सूत्र. घ्या ते तपासायला. मुलगे आणि मुली यांच्या बोलण्यात सरासरी फरक असतो तो महिना-दोन महिन्यांचा, दीड-दोन वर्षांचा नव्हे. आणि ऑटिझमचं निदान मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये तीन ते चार पट अधिक होतं. म्हणजे समोर मुलगा आहे आणि तो नावाला प्रतिसाद देत नाही, तर डॉक्टरांनी कान टवकारायला हवेत. इथे ‘मुलगा आहे’ हेच कान मिटून घ्यायचं कारण! ज्या खुणेने जागं व्हायचं, तीच खूण पुढे करून आईला निजवायचं, याला वैद्यक म्हणायचं? आणि मुलींचं काय? ती कोपऱ्यात बसून भातुकलीची भांडी एका ओळीत लावत राहिली, तर ‘किती गुणाची पोर, त्रास म्हणून नाही’. तिच्याकडे बघायला कुणी येतच नाही.

दुसरं सूत्र आइनस्टाइन. तोही म्हणे उशिरा बोलला. ज्या काकांनी सापेक्षतावादाचं एक पान जन्मात उलटलं नाही, ते माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून मला आइनस्टाइनचं बालपण सांगत होते. उशिरा बोललेल्या आणि वेळेवर मदत न मिळालेल्या दुसऱ्या एकाही मुलाचं नाव त्यांना सांगता आलं नसतं, कारण अशा मुलांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही. तोवर आत्याबाईंनी वेखंड उगाळून मधातून चाटवलं होतं आणि कुणीतरी शंखातलं पाणी पाजलं होतं. सगळे उपाय जिभेवर! बोलणं जिभेत राहतं असा यांचा पक्का समज. बोलणं जिभेवर येण्याच्या कितीतरी आधी दोन माणसांच्या मधल्या जागेत सुरू झालेलं असतं, आणि ती जागा तपासायला शंख लागत नाही.

आपल्याकडे बाळाला भरवायची रीत आठवा. आजी नातवाला कडेवर घेऊन खिडकीशी उभी राहते, वरणभाताचा घास बोटांत धरते आणि बाहेरचा कावळा दाखवते. बाळ आधी आजीच्या तोंडाकडे बघतं, मग तिच्या बोटाकडे, मग बोटाच्या टोकापलीकडे कठड्यावर बसलेल्या कावळ्याकडे. आणि मग परत आजीकडे. सगळी मेख त्या परत येण्यात आहे. ‘तुलाही दिसला ना?’ असं ते डोळ्यांनी विचारत असतं. बालविकासशास्त्रात याला ‘संयुक्त अवधान’ असं भारदस्त नाव आहे; आपल्या घरांतून ते चिऊकाऊच्या घासांबरोबर फुकट तपासलं जातं. नऊ-दहा महिन्यांपासून ही ये-जा दिसू लागते, वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास बोट येतं. एक बोट मागायचं: ते दे. दुसरं दाखवायचं: ते बघ. मागणाऱ्या बोटाला वस्तू पुरते, दाखवणाऱ्या बोटाला माणूस लागतो.

माझा मुलगा कावळ्याकडे बघायचा. तिथून परत यायचा नाही.

हे डॉक्टरांच्या आधी माझ्या सासूबाईंनी ओळखलं. शिक्षण चौथीपर्यंत. एका दुपारी वाटी खाली ठेवून म्हणाल्या, “अगं, हा घास घेतो, पण माझ्याबरोबर काऊ बघत नाही.” मी पुढे या विषयावर जाडजूड पुस्तकं वाचली, एवढ्या थोड्या शब्दांत एवढं नेमकं निरीक्षण मला कुठे सापडलं नाही. आणि त्या भल्या बाईला तज्ज्ञांनी चार मिनिटांत गप्प केलं.

ऑटिझमला मराठीत शब्द मिळाला ‘स्वमग्नता’. मला तो आवडत नाही. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्व, एवढ्यावरून ही घडण झाली, आणि तो मूळ शब्द सुद्धा ब्लॉयलर नावाच्या स्विस मनोविकारतज्ज्ञाने स्किझोफ्रेनियासाठी काढला होता. लिओ कॅनरने 1943 मध्ये अकरा मुलांचं वर्णन लिहिताना तोच उचलला. आपण त्याचं भाषांतर केलं आणि पोरांना ध्यानस्थ योगी करून टाकलं. ‘आपल्याच जगात रमलाय हो, सुखी जीव!’ सुखी? मिक्सर सुरू झाला की दोन्ही कान दाबून पलंगाखाली शिरणारं मूल सुखी? ते स्वतःत मग्न नसतं, बाहेरच्या जगाचा मारा झेलत असतं. शब्द चुकला की सल्लाही चुकतो. समाधीत बसलेल्याला उठवू नये असं आपल्याला वाटतं, म्हणून मग: थांबा.

आता विद्वान थांबेवाल्यांकडे वळू. एका परिषदेतून ताजेतवाने होऊन आलेल्या डॉक्टरांनी मला ऐकवलं होतं की अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानेच 2016 मध्ये सांगितलंय, सरसकट चाळणी करण्याइतका पुरावा नाही. खरं आहे, सांगितलंय. पण कुणाबद्दल? अठरा ते तीस महिन्यांच्या ज्या मुलांविषयी आईबापांना किंवा डॉक्टरांना कसलीच शंका नाही, त्यांच्याबद्दल. मी तर शंका पदरात बांधून, रिक्षा करून दारात आले होते! ज्या आईने स्वतःच्या पायांनी येऊन तीन खुणा सांगितल्या, तिच्या तोंडावर हा कागद फेकणं याचा अर्थ तो कागद पूर्ण वाचलेला नाही. त्याच अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची अकादमी अठराव्या आणि चोविसाव्या महिन्याला प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी चाळणी करा म्हणते, हे परिषदेत जेवणाच्या सुट्टीनंतर सांगितलं असेल, तेव्हा डॉक्टर बहुधा हॉलमध्ये नसावेत.

चाळणी म्हणजे तरी काय? एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी आहे, सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी. उत्तरं हो किंवा नाही. तुम्ही बोट दाखवलंत तर मूल तिकडे बघतं का, नावाला प्रतिसाद देतं का, खोटंखोटं खेळतं का, अशा घरगुती गोष्टी. यंत्र नाही, सुई नाही. यादीत पुष्कळ ‘नाही’ आले म्हणजे ऑटिझम झाला असं मुळीच नाही. पुढे नीट तपासा, आधी कान तपासा, एवढाच त्याचा अर्थ. आणि आपल्या लसीकरणाचं वेळापत्रक काढून बघा: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे नेमक्या त्या वयात देशातली आई बाळाला घेऊन आपणहून टेबलापर्यंत येते, रांग लावते, कार्ड पुढे करते. त्या टेबलावर दंडात सुई टोचली जाते, तारीख लिहिली जाते आणि तिला घरी पाठवलं जातं. वीस प्रश्न कुणी विचारत नाही. इतकी आयती चालून आलेली वेळ दवडायला वेगळी प्रतिभा लागते.

सरकारकडे योजना नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरलाच झाली. तीस आजार-व्यंगांची यादी आहे, तिच्यात ऑटिझम आहे, जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. कागद उत्तम. आता जमिनीवर या. फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणार. दीड वर्षाचं मूल अंगणवाडीत कुठे बसलेलं असतं? ते आईच्या पाठीवर शेतात असतं किंवा घरी झोळीत. अंगणवाडीत बसतात ती तीन वर्षांपुढची. ज्या वयात गाठायचं त्या वयात मूल तिथे नाही, आणि असलंच तर एका सकाळी तीस गोष्टी तपासायच्या. टाळूला भेग लगेच दिसते, वाकडं पाऊल दिसतं. न दाखवलेलं बोट कसं दिसणार? ते आईलाच विचारावं लागतं, आणि विचारायला सवड लागते. शिवाय शंका आलीच तर धडगावच्या डोंगरातल्या आईने मजुरी बुडवून आठवड्याला दोनदा नंदुरबार गाठायचं. कोण गाठेल? कितीदा?

इथवर झाली पहिली जमात. हिच्या तावडीतून सुटलेला बाप जिच्या हाती लागतो ती दुसरी. तिचंही आवडतं वाक्य तेच आहे, फक्त एक शब्द जास्त: बाहेर थांबा.

मुलगा अडीच वर्षांचा असताना आम्ही एका थेरपी सेंटरच्या काचेच्या दाराशी पोहोचलो. दारावर पाटी: पालकांनी आत येऊ नये. बाहेर लोखंडी बाक. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले तर सवलत. ‘आधीच उशीर केलात’ हे पावती फाडणाऱ्याने आम्हाला दोनदा ऐकवलं. थांबेवाल्यांनी घालवलेला वेळ विकायला यांनी दुकान थाटलं होतं. दाराला चिकटवलेल्या चित्राच्या कडेला बोटभर फट होती. तिच्यातून मी पाहिलं. माझ्या मुलाला खुर्चीत बसवून टेबल पोटाशी सरकवलेलं. समोरच्या मुलीने रंगीत चॉकलेटगोळी स्वतःच्या दोन भुवयांच्या मध्ये धरली होती आणि ती म्हणत होती, लुक ॲट मी. त्याने गोळीकडे पाहिलं की वहीत बरोबरची खूण. त्याचे हात फडफडले की ते धरून टेबलावर दाबायचे. तो रडत होता. आवाज बाहेर येत नव्हता.

तो गोळीकडे बघत होता हो! यांनी लिहिलं, नजरेला नजर दिली.

यांचं ब्रह्मवाक्य म्हणजे ‘आठवड्याला चाळीस तास’. हा आकडा आला कुठून? 1987 मध्ये लोवास नावाच्या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञाने एक अभ्यास छापला. एकोणीस मुलांना आठवड्याला चाळीस तास शिकवणी दिली, त्यातली नऊ ‘सामान्य’ झाली असा त्याचा दावा. कोणतं मूल कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. आणि त्या शिकवणीत जोरात ‘नो’ ओरडणं होतं, प्रसंगी मांडीवर चापट होती. एवढ्या ओळी यांच्या गुळगुळीत पत्रकात येत नाहीत. अडीच वर्षांच्या जिवाला आठवड्याला चाळीस तास! एवढे तास त्याचा बाप कचेरीत काम करतो आणि शनिवारी पाठ दुखते म्हणतो. त्या शिकवणीतून गेलेली कितीतरी माणसं आज मोठी होऊन सांगतात की आम्हाला फक्त आमच्यासारखं न दिसायला शिकवलं गेलं. त्यांचं ऐकायला हवं. त्यांचं ऐकल्याने लवकर ओळखण्याची गरज कमी होत नाही. ओळखून मग काय करायचं याचा निकाल लागतो.

या बाजाराच्या टोकाला स्टेम सेलवाले बसलेत. मुलाच्या हाडातून मज्जा काढायची, पाठीच्या कण्यातून टोचायची, लाखांत पैसे घ्यायचे. ऑटिझमसाठी हा उपचार शिफारसयोग्य नाही आणि तो करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. आयांचे गट अजूनही विचारतात, ‘आम्ही शेत विकतोय, करावं का?’ नका करू. शेत विकू नका.

आणि दोन्ही जमातींचं एका बाबतीत गोत्र एक: दोष आईचा. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकांत थंड काळजाच्या आयांमुळे ऑटिझम होतो असं छातीठोकपणे सांगितलं जायचं. ब्रूनो बेटेलहाइमने 1967 मध्ये त्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. 1977 मध्ये फोलस्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा भक्कम पुरावा दिला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या अभ्यासाने तो वाढवलाच. आमच्याकडे बेटेलहाइम अजून जिवंत आहे. ‘नोकरी करते ना, वेळ देत नसेल.’ ‘मोबाइल दिला असेल.’ मोबाइल दीड वर्षाच्या मुलाच्या हातात नकोच. पडद्याशी दिवस घालवणारं मूल बोलायला मागे पडतं. पण म्हणून मोबाइलने ऑटिझम होत नाही. ज्या डॉक्टरला दोन्हींतला फरक कळत नाही त्याने निदान आईला कोर्टात उभं केल्यासारखं विचारू नये.

मग करायचं काय? जे करून पाहिलं गेलंय ते सांगते. ऑस्ट्रेलियात पर्थ आणि मेलबर्न इथे साधारण वर्षाच्या 103 बाळांबरोबर एक चाचणी झाली, निष्कर्ष 2021 मध्ये आले. या बाळांमध्ये सुरुवातीच्या खुणा दिसत होत्या, निदान कुणाचंच नव्हतं. निम्म्यांच्या घरी पाच महिन्यांत दहा वेळा थेरपिस्ट गेली. बाळाला तिने काही शिकवलं नाही. आई-बाबा बाळाशी खेळतानाचं चित्रण केलं आणि त्यांनाच दाखवलं: इथे बघा, त्याने तुमच्याकडे चोरटी नजर टाकली होती, तुम्ही तेव्हा खुळखुळा वाजवत होतात. तीन वर्षांची झाल्यावर निदानाच्या निकषांत बसणारी मुलं नेहमीच्या सेवा मिळालेल्या गटात 20.5 टक्के होती, या गटात 6.7. चाचणी लहान आहे, एवढ्यावर ऑटिझम बरा होतो असं म्हणणारा लबाड. पण शिकवायचं कुणाला हे तिच्यातून लख्ख दिसतं. आईबापाला. आणि हे फक्त श्रीमंतांच्या देशांत जमतं असं म्हणायची सोयही उरलेली नाही. आपल्या शेजारी गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेच्या लोकांनी आणि पलीकडे रावळपिंडीत याच जातीचं काम 65 मुलांबरोबर केलं, तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांकडून. 2016 मध्ये ते छापून आलं: आईबाप मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली.

म्हणजे ज्या माणसाला आत घ्यायचं त्यालाच आम्ही बाकावर बसवतो आणि वर त्याच्याकडून आगाऊ पैसे घेतो.

मला हे शिकवलं ते पुण्यातल्या एका तरुण स्पीच थेरपिस्टने. ती पहिल्या दिवशी जमिनीवर बसली आणि मला म्हणाली, “ताई, तुम्ही फार बोलता. तो झाकण फिरवतोय ना, तुम्हीही एक घ्या. फिरवा. मग हातात धरून गप्प बसा आणि मनात दहा मोजा.” मी पहिल्या वेळी चारपर्यंतच पोहोचले. दहापर्यंत पोहोचायला मला दोन आठवडे लागले. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी, माझ्या मनात सात चालू असताना, त्याने झाकणावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. कुणी गोळी धरलेली नव्हती.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरची मुलगी तिच्या सतरा महिन्यांच्या बाळाला घेऊन जिन्यात बसली होती. डॉक्टर काय म्हणाले ते मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं. तेच. आम्ही तिथेच पायरीवर वीस प्रश्न घेतले. सात मिनिटं लागली, नऊ खुणा लागल्या. मी तिला स्वच्छ सांगितलं, हे निदान नव्हे. दुसऱ्या दिवशी आम्ही कानांची बेरा चाचणी ठरवली आणि पुण्याच्या विकासतज्ज्ञ डॉक्टरांकडे फोन केला. तारीख मिळाली चार महिन्यांनंतरची.

“म्हणजे तोवर थांबायचंच का हो काकू?” ती म्हणाली.

मी तिला वर घरी आणलं, मांडणीवरून दोन झाकणं काढली आणि तिला फरशीवर बसवलं. बाळाने एक घेतलं. तिने दुसरं फिरवलं, ते लडबडत आडवं पडलं. तिने ते उचललं, आणि हातात तसंच धरून ठेवलं. ओठ हलत होते. ती मोजत होती.